हजेरीच्या यंत्रातले तीन बाइट

दौलत मेला तरी हजेरी लावतोय, ही बातमी भिवंडीपासून पडघ्यापर्यंत पोचली आणि केसरीनाथशेठच्या गोदामापुढे नारळांचा खच पडला. आत चांगदेवबाबा संगणकाच्या पडद्याला हळदकुंकू वाहत होता.

"हजेरीची नोंद पाच बाइटची," बाबा पढवल्यासारखा बोलला. "पाळीचं एक अक्षर, कामगाराच्या नंबराचे चार. मशीन ठेवतंय आठ. मधले तीन कोन भरतंय? ए, यू, एल. दौलतच्या इंग्रजी नावातली अक्षरं हायेत. त्याची ड्युटी सुटली न्हाय. बायकोनं धरून ठेवलाय."

कालपर्यंत लिंबाशिवाय काही न कापलेल्या बाबाला बाइट कुणी शिकवले, हे कुणी विचारलं नाही.

बायको मैना भिंतीशी बसली होती. 'धरलेला हात सुटावा' म्हणून बाबानं तिचा उजवा तळवा सकाळीच तापल्या पळीनं डागला होता. आता डाव्यासाठी पळी शेगडीवर होती.

दौलतची बहीण मृणाली कॉलेजात संगणक शिकवायची. कळताच धावत आली, पण उशिराच. वहिनीचा डागलेला हात तिनं पाहिला. ती शेगडी आणि मैनेच्या मधे उभी राहिली.

"शेठ, तुमची फोर्कलिफ्ट माल कुठूनही उचलते का?"

"न्हाय. रंगवलेल्या पट्ट्यापासूनच."

"पट्ट्यावर एक छोटा खोका ठेवला, तर मागचा मोठा माल कुठं?"

"पुढच्या पट्ट्यावर. मधी जागा रिकामी र्‍हाते."

"मशीनचंही तेच. त्याचे पट्टे चार-चार बाइटचे. अक्षराला एक बाइट, तीन रिकामे, मग नंबर. रिकामी जागा कुणी झाडत नाही, आधीचा कचरा तिथंच राहतो. मशीनवर शेवटचं नवं नाव दौलतचं चढवलं होतं. त्याचाच हा कचरा; पहिलं आणि मागची अक्षरं पाळी-नंबराखाली गेली."

बाबा हसला. मृणालीनं मशीनवर नवा कामगार चढवला: केसरीनाथ. मग एकाला हजेरी लावायला सांगितलं. मधल्या जागेत ई, एस, ए उमटलं.

"शेठ, तुम्ही कधी वारलात?"

बाबा चपला शोधू लागला. पॅकिंगवाल्या राहीबाईनं हळूच विचारलं, "मंग दौलत मेला कशानं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. माल चढवायच्या लिफ्टचा दोर तुटला होता. भूत निघाल्यापासून दोराचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि बाबाला आणलं होतं शेठनंच.

वाचकहो, यंत्राचं कोडं पडलं तर जाणत्याला विचारा. पण त्यापायी कुणी माणसाला डागायला निघाला, तर आधी त्याचा हात धरा, कोडं मागाहून सोडवा. मृणालीनं कोडं सोडवलं, पण मैनेच्या उजव्या हाताची मूठ आजही वळत नाही.