मोटार सुरू, वांगी कोरडी

देवकाबाईंना उघडं तोंड खपत नसे. नळीचं असो, पिंपाचं असो की नवऱ्याचं. हिंगणीतल्या दीड एकरात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवता पिकवता केस पांढरे झाले, पण ठिबकच्या नळीचं टोक बुचाविना दिसलं की त्या अजूनही पदर खोचून धावत. पाणी काय फुकटचं आहे होय?

त्या मंगळवारी मात्र बाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. सून वर्षालीनं समोरच्या खोलीत पाच कॉम्प्युटर मांडले होते. परिसरातल्या भाजीवाल्यांच्या गटाला बाहेरच्या मागण्या घ्यायला आणि गटातल्या बायांना कॉम्प्युटर शिकवायला एक केंद्र हवं होतं, आणि गटाचे अध्यक्ष बंडूजी अकरा वाजता बघायला येणार होते. पटलं तर केंद्र हिंगणीत, नाही तर नालवाडीत. नालवाडीत गेलं की चालवायला वर्षालीही तिकडेच जाणार. लेक कैलासनं तिथं भाड्याची खोली बघूनसुद्धा ठेवली होती. त्या खोलीचं नाव निघालं की देवकाबाई ताटावरून उठायच्या. ही हसरी, बडबडी पोर गेल्यावर घरात उरणार काय, तर नवरा आणि टीव्ही.

वर्षालीनं आठवडाभर सासूला सगळं समजावून सांगितलं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरला आपापला नंबर असतो. एकाला दुसऱ्याशी बोलायचं असलं की तो आधी हाक देतो, अमक्या नंबरचा कोण? मधली आठ भोकांची डबी, तिचं नाव स्विच, ती हाक सगळ्या वायरींतून सगळ्यांना पोचवते. ज्याचा नंबर असेल तो ओ देतो, बाकीचे गप्प बसतात. मग दोघांचं बोलणं सुरू. देवकाबाई म्हणाल्या, एवढंच होय, हे तर आमच्या गल्लीत रोज सकाळी चालते. त्या दिवसापासून त्या शेजारीपाजारी नेटवर्क शिकवत फिरत होत्या.

साडेदहाला वर्षाली साडी बदलायला आत गेली आणि देवकाबाईंनी शेवटचा झाडू मारायला घेतला. तेव्हा त्यांना ती दिसली. डबीतून निघालेली एक निळी वायर, दुसरं टोक मोकळं, खाली लोंबतंय. बंडूजींच्या लॅपटॉपसाठी वर्षालीनं ती मुद्दाम ठेवली होती, पण हे बाईंना कुठं ठाऊक? पाहुणा येणार आणि तोंड उघडं! डबीत दोन भोकं रिकामीच होती. त्यांनी टोक उचललं आणि एकात खटकन बसवलं.

आणि काय सांगावं, डबीवरचे सगळे दिवे एकदम नाचायला लागले. टिमटिम नाही, नुसता थयथयाट. बाईंना एवढा आनंद झाला की झाडू हातात धरून त्यांनी स्वतःभोवती एक गिरकीच घेतली.

बंडूजी आले, चहा आला, आणि वर्षालीनं पहिल्या कॉम्प्युटरवरून पाचव्याला जोडलेल्या प्रिंटरवर कागद छापायला पाठवला. कागद निघेना. दुसऱ्यावरून पाठवला, तोही नाही. एकाही कॉम्प्युटरला दुसरा सापडेना. तिनं सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, तरी तेच. तिच्या कपाळावर घाम आला. बंडूजींनी घड्याळ बघितलं आणि नालवाडीवाल्यांचं सगळं तयार असल्याचं हळूच सांगितलं.

तेवढ्यात बबनराव, बाईंचे यजमान, सुनेला धीर द्यायला म्हणाले, "पण दिवे तं जोरात चालून राह्यले ना."

देवकाबाई जागीच थिजल्या. हे वाक्य त्यांनी ऐकलेलं होतं. वीस वर्षांपूर्वी बबनरावांनी नव्या पाइपाचं दुसरं टोक चुकून विहिरीतच सोडलं होतं. विहिरीचं पाणी विहिरीत. हे दिवसभर चिंचेखाली बसून म्हणत होते, मोटार तं जोरात चालून राह्यली ना. तेव्हापासून बबनरावांनी काहीही केलं की बाईंचा एकच टोमणा असे: मोटार सुरू, वांगी कोरडी. लग्नाकार्यात, पाहुण्यांपुढे, वीस वर्षं.

बाईंनी डबीकडे पाहिलं. निळी वायर डबीतून निघून डबीतच गेली होती. म्हणजे हाक सुटायची, फिरून डबीत यायची, डबी तीच पुन्हा सगळ्यांना सांगायची, आणि त्या कालव्यात कोणाची ओ कोणाला ऐकू येणार?

हळूच ओढून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. हात तिकडे गेलाही होता. पण वर्षाली रडवेल्या आवाजात बंडूजींना म्हणत होती, "माह्यंच काही चुकलं असन, काका."

"तुह्यं नाई, पोरी," देवकाबाई म्हणाल्या. "मी केलं. मोटार सुरू, वांगी कोरडी."

त्यांनी वायर उपसली. दिवे शांत झाले, आणि अडकलेले कागद एकामागून एक सरसर बाहेर पडले. मग बाईंनी बंडूजींना विहीर, पाइप आणि हाक असं सगळं हातवारे करून समजावलं. बबनराव आधी गालातल्या गालात हसले, मग खो खो, मग पोट धरून खाली बसले. वीस वर्षांचं हसू होतं ते, थांबतं कशाला. वर्षाली हसली, बाई हसल्या, बंडूजींचा चहा बशीत सांडला.

सगळे डोळे पुसत असताना बंडूजींची नजर त्या लोंबत्या वायरीवर गेली. चाळीस वर्षं भाजी पिकवलेला माणूस. बोलता बोलता त्यांनी टोक उचललं आणि रिकाम्या भोकाकडे नेलं.

देवकाबाईंनी त्यांच्या हातावर फटकन चापट मारली.

बंडूजी हाताकडे बघत राहिले. "आपल्या गटातली हरेक बाई हेच करन," ते म्हणाले. "केंद्र इथंच राहू द्या. नालवाडीत असं मारणारं कोणी नाई."