दारातली घरघर

"गप्प बसा! श्वास ऐका!" मठातल्या बाबांनी हात वर केला आणि अंगणातली शे-दीडशे माणसं एकदम चिडीचूप झाली.

भर दुपार होती. अंगणाच्या मधोमध माझ्या भाऊजींची पांढरी गाडी उभी होती. काचा वर, फटींना चिकटपट्ट्या. बाबा मागच्या डाव्या दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आत्म्या, आहेस का आत?"

दारातून आवाज आला. घर्रर्र. एकदाच, लांब, घशात अडकलेला. मरणाऱ्या माणसाला लागते तशी घरघर. कुणीतरी किंचाळलं, मागची माणसं पुढे लोटली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

तीन आठवड्यांपूर्वी भाऊजी याच दाराला टेकून गेले होते. छातीत कळ आली म्हणून माझी भाची त्यांना गाडीत घालून निघाली. एकोणीस वर्षांची पोर. दवाखाना चार चौकांवर, आणि तिसऱ्या चौकातच मागून येणारी घरघर थांबली. त्या दिवसापासून माझी ताई पोटच्या पोरीशी एक शब्द बोलली नव्हती. मग कुणीतरी तिला या बाबांकडे नेलं. ते सदा डोळे मिटून बोलत, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात झोपाळू बाबा म्हणायची. मात्र गर्दीत कोण रडतंय, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनी बरोब्बर दिसायचं.

गाडी 'शुद्धीसाठी' तीन दिवस त्यांच्या मठात राहिली आणि आदल्या संध्याकाळी परत आली. सकाळपासून दार बोलू लागलं. एक घरघर म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"तुझ्या लेकीने उशीर केला का?" बाबांनी विचारलं.

घर्रर्र.

दुसऱ्या घरघरीची सगळे वाट पाहत राहिले. ती आली नाही. ताईने डोळे गच्च मिटले. पायरीवर बसलेली भाची तेवढी हलली नाही. दोन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"घाबरू नका," बाबा गोड आवाजात म्हणाले. "बाप आहे तो, माफ करेल. मुलीने अर्धा तास बंद गाडीत त्याच्या शेजारी बसायचं, पायाशी निखाऱ्यांची शेगडी. धुरातून पाप निघून जाईल. मग गाडी मठाला द्या, म्हणजे आत्मा हे घर सोडेल. आत्म्याला पेट्रोल लागत नाही हो, श्रद्धा लागते!"

आत्म्याला पेट्रोल लागत नव्हतं, पण गाडीचा विमा कधीपर्यंत आहे हे बाबांच्या चेल्याने ताईला सकाळीच विचारून घेतलं होतं.

भाची उठली. मी तिचा हात धरला. हात थंडगार होता.

"जाऊ दे मावशी," ती म्हणाली. "पप्पा बोलावतायत."

तेवढ्यात चेल्याने शेगडी आत ठेवायला ते दार उघडलं आणि मला दाराची आतली बाजू दिसली. माझा धंदाच तो. गाड्यांची आतली पॅनेलं काढायची, तुटलेल्या क्लिपा बदलायच्या, खडखड बंद करायची. गेल्या वर्षी भाऊजींची कुरकुर ऐकून याच दाराला मी नऊच्या नऊ क्लिपा नव्या घातल्या होत्या. माझ्या हातचं पॅनेल पत्र्याला असं बसतं की फटीत नखही जात नाही. आता खालच्या फटीत बोट गेलं असतं. कडेला स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याचे दोन खोल वण होते, आणि पायपुसण्यावर माझ्या एका क्लिपचं तुटकं मुंडकं पडलं होतं. प्लास्टिकच्या क्लिपा पट्टीने हळूहळू सोडवाव्या लागतात. घाईने उचकटलं की त्यांची मानच मोडते. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी हे दार उघडलं होतं, आणि तो माणूस कारागीर नव्हता.

मी घरात धावले, पिशवीतून माझी हत्यारं आणली.

"हात लावू नकोस!" बाबा गरजले. "ते दार उघडलंस तर या घरातला दुसरा जीव जाईल!"

ताई माझ्यासमोर आडवी झाली. "नको गं. आता हीच एक उरलीय मला."

"म्हणूनच म्हणते, बाजूला हो," मी ओरडले. "दुसरा जीव जायचा तर या शेगडीने जाईल. बंद गाडीत निखारे ठेवले की विषारी वायू होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस पेंगतो आणि उठतच नाही. अर्ध्या तासाने तू दार उघडशील तेव्हा माफ करायला ती उरणारच नाही, कळतंय का?"

ताई पोरीकडे पाहत राहिली. मग सरकली.

मी शेगडी उचलून अंगणात पालथी केली. हँडलच्या वाटीतला स्क्रू काढला. पॅनेलच्या कडेखाली चपटी पट्टी सारली. टक. टक. दोनच क्लिपा सुटल्या आणि पॅनेल हातात आलं. बाकीच्या सात त्यांनी आधीच मोडून ठेवल्या होत्या. आत पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद असतो. तो कापून पुन्हा चिकटवला होता. मी तो फाडला. आत पत्र्याला चिकटपट्टीने बांधलेला एक जुना, साधा मोबाइल होता.

मी फोन सोडवून त्यातले आलेले कॉल पाहिले. सकाळपासूनचे सगळे एकाच नंबरचे. तोच नंबर लावला. चेल्याच्या खिशात गाणं वाजायला लागलं.

आणि झोपाळू बाबांनी पहिल्यांदा डोळे उघडले.

"मला काय माहीत यातलं?" ते चेल्याकडे बोट दाखवून म्हणाले. चेला म्हणाला, "तुम्हीच खुणेला हात हलवत होतात की!" एवढं झाल्यावर उलगडायचं काही उरलंच नव्हतं. तरी मी माझा फोन व्हायब्रेटवर टाकला आणि शेजारच्या शिक्षिकेला त्यावर कॉल करायला सांगितलं. थरथरता फोन तळहातावर ठेवला तेव्हा नुसती गुणगुण. तोच उघड्या पत्र्याला दाबून धरला, आणि घर्रर्र! अख्खं दार नगाऱ्यासारखं घुमलं. ज्यांनी सकाळी हात जोडले होते तेच आता मारायला धावले. शिक्षिकेने त्यांना अडवलं आणि पोलिसांना बोलावलं.

गर्दी पांगल्यावर ताई उघड्या दारापाशी आली. तिने पत्र्यावरून हात फिरवला.

"म्हणजे ते काहीच बोलले नव्हते?"

"नाही, ताई."

ती ढसाढसा रडली. नवरा तिचा दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी मीच त्याला नेलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण राग त्याहून मोठा होता.

"फोन बाबांनी ठेवला," मी म्हणाले. "पण उशीर झाला का, हे विचारायचं त्यांना कुणी सुचवलं?"

तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "मीच. पहिल्या दिवशीच मी त्यांना बोलले होते, पोरीने उशीर केला असं वाटतं म्हणून."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"दवाखान्याच्या दारात झटका आला असता तरी वाचणं कठीण होतं, असं."

बाबांनी चमत्कार केला नव्हता. ताईच्या मनातला संशय दारात भरून तिलाच परत ऐकवला होता. म्हणून तो इतका खरा वाटला. वाचकहो, मनातलंच उत्तर एखाद्या दगडातून, पाण्यातून किंवा पत्र्यातून आलं की आपण हात जोडतो आणि आत काय आहे ते बघत नाही. बघा. उघडून बघा. ज्याला उघडू देत नाहीत ते तर आधी उघडा. आणि विचारायचंच असेल तर जो तिथे होता त्याला विचारा.

ताई पायरीवर जाऊन पोरीच्या शेजारी बसली. जेवलीस का, म्हणाली. पोरीने नाही म्हणून मान हलवली.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी गाडीत काय झालं, ते मला कुणी विचारलंच नाही."

"सांग," ताई म्हणाली. "आता मी विचारतेय."