पितृपक्षातला पहिला घण

मिरकरवाड्यातल्या मासेविक्रेत्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेचे कार्यालय नवे करायचे ठरले, तेव्हा अध्यक्षा सगुणाबाईंनी भर सभेत शब्द दिला होता: पहाटेच्या लिलावाला येणाऱ्या बायकांसाठी मागच्या अंगाला विश्रांतीची खोली आणि शौचालय होईल. तोवर आडोशासाठी बायका बर्फाच्या कारखान्यामागे जात.

ठेकेदार विनीतने पाडव्याला अठरा लाखांचा अंदाज दिला. “समुद्राला नारळ वाहिल्याखेरीज नवे काम काढायचे नाही,” असा सगुणाबाईंचा हुकूम सुटला. नारळीपौर्णिमा झाली, पाठोपाठ गणपती आले. आणि विसर्जनानंतर विनीत उगवला तो साडेवीस लाखांचा कागद घेऊन.

“मला मोतीबिंदू आहे म्हणून आकडा फुगवलास होय रे?” सगुणाबाई कडाडल्या.

“काकी, सळई वाढली, सिमेंट वाढलं, टाइलवाल्यानं तर दोनदा भाव बदलला. हाही भाव पंधरा दिवसांपुरताच. वादळ आलं की सुरमई तुम्ही कालच्या भावानं विकता काय?”

दारात टोपली टेकवून बसलेली मासेविक्रेती गंगा फिसकन हसली.

“आपल्याकडे अठराच आहेत,” सचिव नितेश म्हणाला. “मागची खोली पुढच्या वर्षी बघू.”

गंगाचे हसू जागच्या जागी मावळले. सगुणाबाईंनी ते पाहिले. उशीर कोणामुळे झाला हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. बोलायची छाती कोणाची नव्हती. चूक कबूल करण्याची सवय सगुणाबाईंना नव्हती.

“उशीर माझ्यामुळे झाला,” त्या अखेर म्हणाल्या. “अध्यक्षांची केबिन केवढ्याची?”

“एसी धरून एक लाख साठ.”

“खोड. आणि ते छताखालचे दुसरे छत?”

“नव्वद हजार.”

“तेही खोड. झाले अडीच.”

“काकी, मग तुम्ही बसणार कुठं?” नितेश गडबडला.

“काउंटरपाशी. चाळीस वर्षे बंदरावर पाटावर बसले, तेव्हा काय माझा मान कमी होता? विनीत, काम कधी धरतोस?”

“आता पितृपक्ष लागला. घटस्थापनेला...”

“मुहूर्ताने अडीच लाख खाल्ले, ते पुरे! माझ्या आईने, सासूने जन्म उघड्यावर काढला. सुनांना आडोसा झाला तर त्या पितर होऊन शाप देतील काय? उद्याच घण घाल.”

दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपताच रिकाम्या टोपल्यांसह बायका कार्यालयामागे गोळा झाल्या. पहिल्या घावासरशी जुन्या गिलाव्यासह भिंतीचा तुकडा ढासळला आणि खाडीचा वारा भसकन आत शिरला.

“आक्का, दार कुठं येणार गो?” गंगाने विचारले.

सगुणाबाईंनी कोळशाने भिंतीवर दोन रेघा ओढल्या. “इथे. दोघी टोपल्या घेऊन एकदम आत जातील एवढे रुंद.”

“काकी, रुंदी वाढली की पैसे...” विनीतने सुरुवात केली.

“जुन्या भावात!” सगुणाबाई गरजल्या, आणि बायकांच्या हशात घणाचा दुसरा आवाज बुडून गेला.