दम जातो कुठे?

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा भोचक आहे. त्याला माझा इलाज नाही. दुसऱ्याची फुंकर पोटात घेऊनच मी जगते, त्यामुळे कोणाच्या छातीत किती हवा आहे ते मला चटकन कळतं. ती हवा आत गेल्यावर पुढे काय करते, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

पितळेचा पत्रा वाकवून मला घडवलं आणि पोटात बुचाची एक गोळी सोडली. ती नाचली की मी बोलते. अणदूरच्या एका शाळेत नूरुन्निसा मॅडमनी मला गळ्यात घातलं. त्या खेळ शिकवायच्या, आणि आमच्याकडे खेळ म्हणजे खो-खो. मी वाजले की पोरी उधळायच्या, मी वाजले की थांबायच्या. तालुक्याला जिंकून आल्यावर मॅडमनी मला चिंचेने घासून लख्ख केलं होतं. तेव्हा मी फार फुशारले होते.

मग एक लालभडक प्लास्टिकची शिट्टी आली. तिला गोळी नाही, की पुसापुशी नाही. मी खडूच्या तुकड्यांबरोबर खणात गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मला बाहेर काढलं ते अर्पितासाठी. ही पूर्वी मॅडमच्या संघाची कप्तान होती. आता पोलीस भरतीसाठी पहाटे एकटीच पळायची. "कुत्री मागं लागली, कुणी नडलं, तर जोरात वाजव," म्हणून मॅडमनी मला तिच्या गळ्यात अडकवलं.

गेल्या भरतीत आठशे मीटरला ती निम्म्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. नंतर पायच थांबले. तिला पळायला मिळावं म्हणून शेळ्या, पाणी, भाकरी असं तिच्या वाटचं सगळं काम तिची आई मल्लम्मा उरकायची. या वेळी मल्लम्माने स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या खेपेला बघ. आता मी दोन्हीकडं पुरत न्हाय, अर्पे." म्हणजे ही संधी शेवटची होती.

अर्पिताला वाटायचं, आपला दम कमी पडतो. तोंड उघडलं की दम गळतो, असं तिला थोरल्या खेळाडूंनी सांगितलेलं. म्हणून ती मला दातांत घट्ट धरून, ओठ मिटून पळायची. पहिली फेरी सुसाट जायची. दुसऱ्या फेरीत ओठ सुटायचे, मी छातीवर आपटायचे, आणि थोड्या वेळाने मांड्या दगडासारख्या व्हायच्या. मला नवल वाटायचं. ओठ सुटल्यावर तर हवा धो धो आत जात होती. एवढी हवा असून पाय उपाशी कसे?

एकदा मॅडम मैदानावर आल्या. अर्पिता नेहमीसारखी अडखळून बसली.

"म्याडम, दम पुरंना."

"आधी ती शिट्टी तोंडात धरून पळणं सोड. घशात गेली तर? आता सांग, बोलता येतंय ना?"

"येतंय."

"मग छाती भरलीय तुझी. हवा रक्तात उतरती, काळीज ते रक्त पुढं ढकलतं, आन् मग ती पायाला मिळती. तू सुटतीस अशी, की पाय मागत्यात लई आन् काळजाकडून पोचतं कमी. थोडा वेळ पाय उधारीवर पळत्यात. मग भरून येत्यात."

"पण खो-खोत तर मी कधी थकले न्हाय."

मॅडम हसल्या. "खो दिला की बसायला मिळायचं तुला, येडे. तेवढ्यात काळीज पायाचं मागणं भागवायचं. इथं खो द्यायला पुढं कोण बसलंय?"

इतकी वर्षं मी खो-खो बघितला, पण ते खाली बसणं म्हणजे पायांचं जेवण असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यानंतर ती बोलता येईल इतक्या बेताने लांब लांब पळू लागली. मधूनच एखादा दिवस जोराचा, की दुसऱ्या दिवशी आराम. मी तिच्या छातीवर लोंबत ऐकत असे. महिने गेले, तसं तिचं काळीज कमी ठोक्यांत जास्त काम करू लागलं. मॅडम म्हणायच्या, मांड्यांतही बारीक रक्तवाहिन्या वाढतात, स्नायूही आलेली हवा नीट वापरायला शिकतात. ते मला दिसलं नाही, पण पाय भरून यायची जागा रोज थोडी पुढे सरकत होती.

भरतीच्या दिवशी अर्पिताने मला आईकडे दिलं. मल्लम्मा कुंपणाबाहेर मला मुठीत आवळून उभी. पहिली फेरी संपली तेव्हा अर्पिता बरीच मागे होती.

"अगं पळ की," मल्लम्मा पुटपुटली, आणि घाबरून तिने मला तोंडात धरलं. मी मनात म्हटलं, बाई, फुंकू नको. ती भुलेल, पुन्हा खो मिळाल्यासारखी उधळेल.

ती फुंकेना. ती श्वासही घेईना. लेक एकेकीला मागे टाकत येत होती आणि आईने सगळी हवा छातीत कोंडून धरली होती. अर्पिताने रेघ ओलांडली, अजून पळतच होती, आणि मल्लम्माचा कोंडलेला श्वास एकदम माझ्यात सुटला. माझी गोळी अशी नाचली, की सगळं मैदान वळून बघू लागलं.

"ओ मावशी, इथं शिट्टी वाजवायची न्हाय," बंदोबस्तावरचा शिपाई ओरडला.

"ऱ्हायलं बाबा," मल्लम्मा डोळे पुसत म्हणाली. "पुढं माझी लेकच वाजवील."

यादीत अर्पिताचं नाव लागलं. मी आता तिच्या घरी खिळ्याला आहे. मित्रांनो, मला वापरलंत तर कोरडं पुसून ठेवा, ओलीने माझी गोळी फुगते. आणि वाटेत कोणी पळता पळता थांबलेलं दिसलं, तर त्याच्यात दम नाही असं लगेच म्हणू नका. त्याच्याजवळ थोडं बसा. तेवढ्यात त्याच्या पायांना त्यांचा घास मिळेल.