मुशीचं तेल प्यालेला कानशीचा चाकू

मित्रांनो, माझ्या पात्यात तोंड बघायला जाल तर निम्मंच दिसेल. उरलेलं निम्मं पातं मी धार लावून लावून खर्चून टाकलं आहे. मी एक जुना, घडी होणारा, खिशात मावणारा चाकू आहे. चाकू थोडं वाढवून सांगतात, असं तुमच्या कानावर आलं असेल. ते साफ खोटं आहे. तारुण्यात माझ्या पात्यावर बसलेली माशी उडताना दोन माशा होऊन उडत असे, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझा जन्म परळच्या एका चाळीत, सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात झाला. त्याआधी मी कानस होतो. बुधाजी गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होता. लोखंड घासून घासून माझे दात गेले आणि माझी भंगारात रवानगी झाली, तेव्हा बुधाजीने मला साहेबाकडून मागून घरी आणलं. त्याला पोलादाचं वेड होतं. लोक आंबे पारखतात तसा तो पोलाद पारखायचा. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद चिवट, पण आळशी. करवतीच्या पात्याचं तिखट, पण चटकन रुसून तुटणारं. आणि कानशीचं? तिथे आला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. "हे आपलं लाडकं," म्हणायचा. मी भट्टीत जायच्या आधीच लाल झालो होतो.

मी कुणासाठी जन्मलो, ते ऐका. वरळीच्या कोळीवाड्यातली काशीबाई चाळीत मासे विकायला यायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून तिच्या पाटीत सुके बोंबील. त्या दिवशी तिने पाटी उतरवली आणि बोंबलांचं नाव न काढता म्हणाली, "बुधाजीदादा, माज्या नवऱ्याला चाकू करून दे."

"हरेश्वरकडे होता की एक."

"होता. गेल्या साली जाल्याचा दोर हाताला पडला. चाकू काढला, तर गंजून मिटलेला. उघडंना. दोर दोन बोटं घेऊन गेला." तिने पाटी बाजूला सारली. "नारली पुनवेला होरी पान्यात जाईल. तवर पायजे. दिसायला कसा बी असूं दे. पन उघडला पायजे."

"कानशीचा करतो," बुधाजी म्हणाला.

शेजारच्या दारात गंगाधर बसला होता. हा इस्पितळात वॉर्डबॉय. रोज चकचकीत हत्यारं बघून त्याला स्वतःलाही थोडी चकाकी आली होती. तो हसला. "कानस? खाऱ्या पाण्यात? बुधाजी, चाकू करतोयस की लोणचं घालतोयस?" आणि त्याने खिशातून आपला विलायती स्टेनलेस चाकू काढला. "हा बघ. आरसा आहे आरसा! याला गंज म्हणजे काय ते सांगावं लागतं."

"आरशाने दोर कापतात होय?" बुधाजी म्हणाला. पण त्याला ते लागलं होतं.

त्याने मला जीव ओतून घडवलं. लालभडक करून तेलात बुडवलं, मग मंद आचेवर वाळल्या गवताच्या रंगावर आणलं. मागावरच्या मोडक्या धोट्याच्या लाकडाची मूठ बसवली. आणि पारखायला म्हणून आठ दिवस स्वतःच्या खिशात ठेवलं. ते दिवस कसले होते, मित्रांनो! भिंत दिसली की घोषणा रंगवायची. घोषणेच्या अक्षरांचे पुठ्ठे बुधाजी कापायचा, म्हणजे मीच कापायचो. परळ-लालबागच्या कितीतरी भिंतींवरचं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' माझ्या धारेतून उतरलेलं आहे. लढा लाखो माणसांनी लढला, मी नाही म्हणत नाही. पण 'झालाच' मधला 'च' इतका टोकदार कुणामुळे झाला, हे इतिहासात कुणी लिहीत नाही.

एकदा नाक्यावर पोलिसाने झडती घेतली. मी निघालो. बोटभर पातं बघून त्याने विचारलं, "याने काय करतोस?"

"सुपारी कातरतो, साहेब."

"मग कातर." मी अशी कातरली, की हवालदाराने पुडीच बांधून घेतली.

पण माझी खरी परीक्षा पुढे होती. काशीबाईने लोटाभर समुद्राचं पाणी आणलं. मला आणि त्या विलायती पाहुण्याला मिटून त्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी सगळी चाळ गोळा झाली. पाहुणा बाहेर आला तो नवरदेवासारखा चमकत. नखाने उघडला. मी बाहेर आलो, तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. अंगभर तांबूस गंज. बुधाजीने नख लावलं, नख मोडलं. शेवटी पक्कडीने ओढलं तेव्हा मी करकरत उघडलो. एवढी लाज मला भंगारातही वाटली नव्हती.

"लोणचं मुरलं!" गंगाधर ओरडला.

काशीबाई हसली नाही. तिने पाटीखालून भिजवलेला जाड दोर काढला. "आता काप."

गंगाधर कापायला लागला. पातं दोरावरून घसरत होतं. दहा घाव झाले, पंधरा झाले, दोर नुसता केसाळ झाला. "गंगाधरभाऊ, कापतोस का कुरवालतोस?" काशीबाई म्हणाली, आणि चाळ फिसकन हसली. मग माझी पाळी आली. गंजलेला होतो, अपमानाने पेटलेला होतो. दोन घाव, आणि दोराचे दोन तुकडे जमिनीवर.

बुधाजीने मला मिटून स्वतःच्या खिशात घातलं. "काशीबाय, हा मी देणार नाय," तो म्हणाला.

"का रे?"

"जो उघडतच नाय, त्याची धार काय चाटायची? लाडकं पोलाद माझं. त्याची हौस तुझ्या नवऱ्याच्या आठ बोटांवर कशाला?"

गंगाधरने आपला चाकू पुसून खिशात घातला.

काशीबाई बोंबील नीट लावत बसली. मग म्हणाली, "दादा, आमची होरी कशाची?"

"लाकडाची."

"लाकूड पान्यात कुजत नाय?"

"कुजतं की."

"मग ती अजून कशी तरते? आमी तिला मुशीचं तेल पाजतो. माज्या सासऱ्याच्या टायमाची होरी हाय." तिने हात पुढे केला. "दे इकडं. घासून दे. धार तुजी, तेल माजं."

आणि मी कोळीवाड्यात गेलो. मित्रांनो, मुशी म्हणजे छोटा शार्क मासा, आणि तिचं तेल तुम्ही हुंगलं नसेल तर तुम्ही सुखी आहात. रोज संध्याकाळी काशीबाई मला गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, उघडून बिजागरीत दोन थेंब सोडायची. पंधरा दिवसांत मला असा दर्प आला, की वरळीची मांजरं माझ्यामागे मोर्चा काढून चालू लागली. त्यांच्या घोषणा काय होत्या ते कळलं नाही, पण मागणी स्पष्ट होती.

भाद्रपदातली गोष्ट. जाळं पाण्यात जात होतं आणि दोराचं वेटोळं हरेश्वरच्या पायाला पडलं. क्षणात तो होडीच्या कडेशी ओढला गेला. डाव्या हाताने त्याने कड धरली. उजव्या हाताने मला कमरेतून काढलं, पण दोन बोटं कमी, आणि मूठ तेलाने निसरडी. उघडणार कसं? त्याने माझं पातं दातांत धरलं आणि मूठ खेचली.

मी उघडलो. मोहरीएवढाही आवाज न करता उघडलो.

एकाच घावात दोर तुटला. इथे मी काही वाढवून सांगत नाही, सांगायची गरजच नाही. हरेश्वर होडीच्या तळाशी कोसळला. त्याने धापा टाकल्या, पाय चाचपला, आणि किनाऱ्याकडे बघून पहिलं वाक्य उच्चारलं, "थू! काशे, काय पाजलंस गो याला!"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः परळला गेला, हातात दोन पापलेटं. बुधाजीने मला उघडलं, मिटलं, हुंगलं, आणि नाक मुरडता मुरडता त्याचे डोळे भरले. तेलाचा वास झणझणीत असतो, असं त्याने गंगाधरला सांगितलं.

त्या दिवसापासून बुधाजी बदलला. कुणी विचारलं, "चाकूला कुठलं पोलाद बरं?" तर तो आधी उलट विचारायचा, "घरी पुसणार कोण?" पुसणारं कुणी असेल तर कानस. नसेल तर तोंड वाकडं न करता म्हणायचा, "मग स्टेनलेस घे बाबा, सुखी राहशील." गंगाधरच्या चाकूने पुढे कितीतरी वर्षं रोग्यांना मोसंबी सोलून दिली. तोही गुणी होता. ज्याला जो हात मिळाला, तो त्याच्या कामी आला.

पुढे नायलॉनचे दोर आले, इंजिनं आली, हरेश्वर थकला आणि मी बटणांच्या डब्यात पडलो. त्याची नात सुमेधा मला कधीतरी काढते आणि रंगाच्या डब्याचं झाकण उचकटते. मी, ज्याने दोर कापला! रागाने मी पुन्हा तांबडा होऊ लागलो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला आज बाहेर काढा. धुवा, कोरडा करा, बिजागरीत तेलाचा थेंब सोडा, मुशीचं नको, खोबरेल चालेल. आम्ही वर्षानुवर्षं काही न मागता मिटून राहतो. पण ज्या क्षणी आम्ही उघडायला हवे असतो, त्या क्षणी पुसायला वेळ नसतो.