मिरचीनं मान टाकली तेव्हा

झ्द्राव्का तीन वर्षांनी माहेरी आली, ती ऐन जुलैच्या काहिलीत. सोफिया शहरातली नोकरी, मुलांच्या परीक्षा, असं करता करता येणं लांबत गेलं होतं. आई गेल्यापासून तिचे वडील स्तोइमेन गावात एकटेच राहत. घरामागे लाल मिरचीचे वाफे होते, तोच त्यांचा संसार.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी आली आणि चरकली. मिरचीची पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. बाबा मात्र खाटेवर आडवे झालेले.

"मिरची मरायला टेकलीय आणि तुम्ही झोपताय?"

"मरत नाही गं. उन्हाला मान टाकते. दिवस कलला की उठेल. पहाटे पाजलंय मी तिला."

"आई असती तर ती अशी बघत बसली नसती."

बोलून गेली खरी. बाबांनी कूस बदलली. तीही आत जाऊन पडली.

जाग आली तेव्हा खाट रिकामी होती. टोपी खुंटीवरच होती. बाबा सरीत पालथे पडले होते आणि हातातून सुटलेली नळी वाहत होती. तिच्या हाकेसरशी शेजारच्या गानाकाकू कुंपणातून धावत आल्या. दोघींनी त्यांना अक्रोडाखाली सावलीत ओढलं, कपडे सैल केले, नळीनं अंग भिजवत राहिल्या. दवाखान्याची गाडी येईपर्यंत काकू एप्रननं वारा घालत होत्या.

"चाळीस वर्षं शेजार आहे आमचा," त्या म्हणाल्या. "भर दुपारी ह्यांनी नळी कधी हातात धरली नाही. आजच काय झालं?"

"काय माहीत," झ्द्राव्का म्हणाली.

संध्याकाळी दवाखान्यातून ती कपडे न्यायला घरी आली. वाफे बघून तिचे पाय जागीच थांबले. जिथं दुपारचं पाणी पोचलंच नव्हतं, तिथली सगळी मिरची ताठ उभी होती. पहिली चार रोपं तेवढी काळवंडली होती. उन्हात तापलेल्या नळीतलं पहिलं कढत पाणी वाटेवर सोडून द्यायचं, हे तिला लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी तेवढंही भान त्यांना राहिलं नव्हतं.

बाबा वाचले, पण हातापायांतलं बळ गेलं. हिवाळ्याआधी तिनं त्यांना सोफियाला आणलं, चौथ्या मजल्यावर. मिरचीची जागा गानाकाकूंनी कसायला घेतली.

एका रविवारी त्यांना सूप भरवताना तिनं धीर केला.

"बाबा, त्या दुपारी मी तसं बोलायला नको होतं."

"कुठल्या दुपारी?" त्यांनी विचारलं. डोळ्यांत खरोखरच काही नव्हतं. "काय बोललीस?"

तिनं चमचा वाटीत ठेवला. सांगायचं तर ते शब्द पुन्हा उच्चारावे लागणार होते.

"काही नाही," ती म्हणाली. "खा, गार होतंय."