नेत्मीची केस

आमच्या बीडच्या आयुर्वेद कॉलेजात श्रीलंकेची एक पोरगी हाय, नेत्मी. तिला मराठी यावं म्हणून मॅडमनी तिच्या जोडीला द्यावं कुणाला? तर मला, पंचशीलेला, जिला गप्प बसवता बसवता मास्तर लोकांचा घसा कोरडा पडलाय. दर गुरुवारी चार ते पाच दोघींनी नुसतं बोलायचं. बोलण्याची हजेरी लागणार म्हटल्यावर माझ्या अंगात वारंच भरलं.

पण पहिल्याच गुरुवारी माझं डोकं फिरलं. नेत्मी छापील कागद घेऊन आली आणि 'आपले वय किती? आपणास कोणता त्रास आहे?' हे अशा सुरात वाचायला लागली की वाटावं, बीडच्या स्टँडवर गाडी पुकारतायत. तिला एकच धास्ती होती. प्रॅक्टिकलला एका पेशंटची सगळी हकीकत वीस मिनिटांत मराठीतून विचारून लिहायची. त्यात नापास झाली तर सुट्टीत थांबून पुन्हा परीक्षा, म्हणजे घरी जाणं रद्द. दीड वर्षं तिनं आईला बघितलं नव्हतं.

मी कागद हिसकावला, तिला एसटीत बसवलं आणि केजला आमच्या घरी नेलं. माझी आई भामाबाई आणि गल्लीतल्या चार बायांनी तिला असं घेरलं की इचारू नका. कुठली, कुणाची, भाऊ किती, लग्न कावून न्हाई केलं. आधी नेत्मी नुसती माझ्या तोंडाकडं बघायची, तासाभरात उलट तीच बायांना विचारायला लागली. परतताना एसटीत तिनं शेजारी बसलेल्या बाईला सुनेबद्दल एक प्रश्न विचारला, तर बीड येईपर्यंत ती बाई बोलायची थांबली नाही. आम्ही दोघी स्टँडवर उतरून पोट धरधरून हसलो. त्यानंतरचा एकही गुरुवार पाचला संपला नाही.

परीक्षेदिवशी माझं आधी उरकलं, म्हणून मी वॉर्डाच्या दारात जाऊन उभी राहिले. नेत्मीच्या वाट्याला आल्या रुक्मिणीबाई. ॲडमिट होऊन तीन दिवस झाले होते, पण डॉक्टरांना 'हां' आणि 'न्हाई' याच्यापलीकडं त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

नेत्मी कॉटजवळ बसली. तिनं तोंड उघडायच्या आत बाईंनीच सुरुवात केली. गाव कोणतं, आई हाय का, समुद्राची भीती वाटत न्हाई का. आणि आमची बया उत्तरं देत बसली की! आईचे गुडघे, भावाचं लग्न, समदं. घड्याळ पळतंय, परीक्षक सर पेन आपटतायत, कागद कोरा, आणि इथं पेशंटच डॉक्टरची हिस्ट्री घेतायत. आत घुसून दोघींना गदागदा हलवावं असं मला वाटत होतं.

सरांनी सांगितलं, पाच मिनिटं राहिली.

नेत्मीनं बाईंचा हात धरला. "मावशी, माझं समदं सांगून झालं. आता तुमी सांगा, न्हाई तर मी नापास होते."

मग काय, रुक्मिणीबाई उठूनच बसल्या. ताप कधी चढतो, कडू गोळ्या उशीखाली कशा सरकवल्या, लघवीला होणारी आग पुरुष डॉक्टरांना सांगायची कशी लाज वाटली, सगळं धडाधडा बोलल्या. नेत्मीचा हात कागदावर पळत होता. सरांनी पेन आपटणं सोडून मान पुढं काढली.

शेवटचा रकाना राहिला, सोबतच्या नातेवाइकाचं नाव. तुमच्यासंगं कोण आलंय, असं नेत्मीनं हळूच विचारलं. बाईंनी चादर सारखी केली. पोरगा पुण्याला कंपनीत हाय, त्याला रजा मिळाली न्हाई, म्हणाल्या. मग त्या सरांकडं वळल्या.

"ही हाय की. लिवा हिचं नाव."

नेत्मी घाबरून सरांकडं बघायला लागली. एवढी चांगली केस आता या रकान्यात अडकते की काय, म्हणून मी दाराची कडी घट्ट धरली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लिहा," ते म्हणाले.

तिनं त्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं आणि सरांनी त्याच्याच खाली पास लिहून सही केली. मी एवढ्यांदा ओरडले की सिस्टरनं मला जिन्यापर्यंत हाकललं.